फ्रान्समधली चर्च खरंच फक्त म्हाताऱ्यांची उरलीत का?

"युरोपातल्या चर्चमध्ये आता म्हातारेच दिसतात, तरुण कोणी फिरकत नाही" हे कित्येक वर्षं ऐकतोय आणि आपण पण मान डोलावतो. अर्धंच खरंय ते.

फ्रान्सचंच बघा. रविवारची गर्दी आटलीय, बाळांचे बाप्तिस्मे, म्हणजे पाणी ओतून ख्रिस्ती धर्मात घ्यायचा विधी, वर्षानुवर्षं कमी होतायत, हे मान्यच. पण २०२५ च्या ईस्टरला तिथे १०,३८४ मोठ्या माणसांनी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा ४५ टक्के जास्त, आणि त्यातला सगळ्यात मोठा गट १८ ते २५ वयाचा! लहानपणी ज्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही अशी ही पिढी, आता स्वतःहून दार ठोठावतेय. आणि हे एका दिवसात होत नाही हो, वर्ष-दोन वर्षं तयारी असते, मग ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर आग पेटवतात, तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या छोट्या, आणि त्याच रात्री विशीतली एखादी पोरगी मान वाकवते आणि तिच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात.

एवढ्याने सगळी घट भरून निघत नाही, मला माहितीय. पण "तरुण कोणी नाही" हे आता म्हणू नका, प्लीज.