वॉटर कूलिंग म्हणजे पीसीतला डेझर्ट कूलर नव्हे
लहान भावाने यंदा स्वतःच वॉटर-कूल्ड गेमिंग पीसी बांधला, अन् येणारा प्रत्येकजण म्हणतो की आता नागपूरच्या ४५ डिग्रीतही आत फ्रिजसारखं गार राहील. नाही राहत बाप्पा! डेझर्ट कूलरमध्ये ताट्यांवरचं पाणी वाफ होऊन उडतं म्हणून हवा गार होते, पीसीचा लूप, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचं चक्र, बंद असतो, त्यातलं पाणी फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि पंखे ती खोलीतच सोडतात. खोली ४० तर पाणी ४० च्या वरच, कितीही पंखे लावा. बर्फ तर टाकूच नका, दमट हवेत गार ब्लॉकवर (प्रोसेसरवर बसवलेला, आतून पाणी जाणारा धातूचा तुकडा) दव धरतं, थेंब सरळ मदरबोर्डवर. खोली गार केली की मात्र पाणीही उतरतं, भावाने लूपमध्ये सेन्सर लावून पाहिलंय.