सोल्डर वायरच्या रिळावरचे आकडे आले कुठून?

सोल्डर, म्हणजे डाख, ६०/४० घ्यावी की ६३/३७ (आकडे कथील आणि शिशाच्या टक्क्यांचे), लेडवाली म्हणजे शिसं असलेली की लेड-फ्री, या प्रश्नांची मुळं इलेक्ट्रॉनिक्सच्या फार आधीची आहेत. रोमन लोक शिशाचे नळ जोडायला दोन भाग शिसं आणि एक भाग कथील वापरत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं, पण पूर्ण पातळ व्हायला बरंच जास्त तापावं लागतं. मधल्या अवस्थेत ते लोण्यासारखं राहतं आणि नळाच्या सांध्यावर सावकाश फिरवून बसवता येतं.

सर्किट बोर्डावर नेमका हाच गुण नडतो. डाख घट्ट होत असताना रेझिस्टरचा पाय जरासा हलला, तरी सांधा खरबरीत होतो आणि आत चीर राहते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं हे मिश्रण मात्र १८३ अंशांनाच एकदम वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं. ६०/४० मध्ये पाच-सात अंशांची फट उरते. हाताने काम शिकणाऱ्याने ६३/३७ च घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

फ्लक्सचंही, म्हणजे धातू साफ करून डाख नीट धरायला लावणाऱ्या पदार्थाचंही, तसंच. नळकामातलं आम्लयुक्त फ्लक्स मागे राहिलं की तांब्याचे बारीक ट्रॅक खातं. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सने पाइनच्या झाडाची राळ, म्हणजे रोझिन, स्वीकारली. वायर कापून भिंगाखाली पाहा: मधोमध राळेची बारीक नळी दिसेल.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाचा रोह्स नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. त्यामुळे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबं असलेली सॅक३०५ रुळली. ती २१७ ते २२० अंशांना वितळते आणि तिचा चांगला सांधाही थोडा निस्तेजच दिसतो. 'चकाकतो तो सांधा चांगला' ही जुनी कसोटी तिथे लावू नका.

लेड-फ्री म्हणजे धूर निरुपद्रवी, असंही नाही. धूर मुळात फ्लक्सचा असतो आणि राळेच्या धुराने दमा होऊ शकतो. शिसं पोटात जातं ते मुख्यतः न धुतलेल्या हातांवरून.

विकायच्या वस्तूसाठी आधी तिथला नियम पाहा. दुरुस्तीत बोर्डावर आधी जी डाख आहे तीच वापरा. साध्या पायांच्या भागांना ०.८ मिमी जाडी पुरते, बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणाऱ्या बारीक एसएमडी भागांना ०.५ घ्या.