धोंडा उघड्यावर किती वर्षे आहे?

हिमनदी मागे हटली की तिने वाहून आणलेले धोंडे हिमोढावर, म्हणजे तिने रचलेल्या दगडमातीच्या बांधावर, उरतात. बर्फ कधी हटला, हे त्या धोंड्यांतच नोंदलेले असते. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात सुटणारे वेगवान न्यूट्रॉन धोंड्यातल्या गारगोटीच्या (क्वार्ट्झ) ऑक्सिजनवर आदळतात आणि त्यातून बेरिलियम-10 हे किरणोत्सारी समस्थानिक तयार होते. समुद्रसपाटीला, उच्च अक्षांशांवर, ग्रॅममागे वर्षाला जेमतेम 4 अणू. हिमालयात 4000 मीटरवर हा वेग दहापटीच्या आसपास जातो, म्हणजे 15,000 वर्षांत ग्रॅममागे साधारण 6 लाख अणू साठतात. साठलेले अणू मोजले की धोंडा किती वर्षे उघड्यावर आहे, हे कळते.

खरी कसोटी लागते ती धोंडा निवडताना. माथ्यावरचा, मीटरभर तरी उंच, पक्का रुतलेला धोंडा घ्यावा आणि छिन्नी-हातोड्याने वरचा 2 ते 5 सेंटिमीटरचा थर काढावा. जाडी लिहून ठेवायलाच हवी, कारण खडकात 60 सेंटिमीटर खाली ही निर्मिती सुमारे एक तृतीयांशावर येते. आजूबाजूचे डोंगर किती आकाश झाकतात, तेही कोनमापकाने मोजून घ्यावे.

प्रयोगशाळेत दगड कुटून 250 ते 500 मायक्रॉनचे कण चाळून घेतात आणि सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुतात. इथे घाई नडते. हवेत तयार झालेले बेरिलियम-10 पावसातून येऊन कणांना चिकटलेले असते. ते राहिले तर वय फुगते. मग सुमारे पाव मिलिग्रॅम साधे बेरिलियम-9 घालून गारगोटी विरघळवतात, बेरिलियम वेगळे करतात आणि दोन्हींचे गुणोत्तर ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वस्तुमानानुसार अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. ही सोय दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे. बोरॉन-10 चे वस्तुमान जवळपास बेरिलियम-10 एवढेच, त्यामुळे नमुन्यात बोरॉन उरलेले चालत नाही.

यंत्र अचूक असले तरी धोंडा फसवू शकतो. हिमोढ झिजून तो उशिरा उघडा पडला, तर वय कमी येते. हिमनदीने उचलण्याआधीच तो कड्यावर ऊन खात होता, तर जास्त येते. म्हणून एका हिमोढावरून पाच-सहा धोंडे घेतात. आकडे विखुरलेले असतील तर नुसती सरासरी काढणे चूकच. मीटरभर बर्फ वर्षातले सहा महिने साचत असेल, तर निर्मिती आठ-नऊ टक्क्यांनी घटते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये मूळची गारगोटी जवळजवळ नसतेच. तिथे ऑलिव्हिन किंवा पायरॉक्सिन या खनिजांच्या स्फटिकांत विश्वकिरणांमुळेच तयार झालेला हेलियम-3 मोजावा लागतो. तो किरणोत्सारी नाही, पण लाव्हारसातून आलेला हेलियमही त्यात मिसळलेला असतो. म्हणून स्फटिक आधी निर्वातात चिरडून हा लाव्हारसाचा हेलियम मोजतात, मगच ते वितळवतात.