कोलिफॉर्मचा माग: डॉकवरून फिलिंग मशीनपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाची तक्रार आली की पूर्वी बोट गावाकडे जायचे. ४० लिटरचे कॅन डेअरीच्या डॉकवर (दूध उतरवण्याच्या फलाटावर) उतरत, झाकण उघडून वास घेतला जाई आणि शंका आली की मिथिलिन ब्ल्यू या रंगाची चाचणी. ३७ अंशांवर अर्ध्या तासात निळा रंग उडाला, की दूध जीवाणूंनी भरलेले आणि दोष त्या गावच्या दूध संस्थेचा. गावोगावी बल्क कूलर (दूध थंड करणाऱ्या टाक्या) आले, दूध ४ अंशांवर येऊ लागले, तरी पाऊच कोलिफॉर्म चाचणीत नापास होतच राहिले.

घोळ ‘कोलिफॉर्म’ या जीवाणूंच्या गटाच्या नावापाशी आहे. १८८५ मध्ये म्युनिकच्या एका बालरोगतज्ज्ञाला तान्ह्या बाळांच्या विष्ठेत जो जीवाणू सापडला, त्यावरून हा शब्द आला. म्हणून रिपोर्ट पाहताच ‘शेण पडले असणार’ असा निष्कर्ष निघतो. पण या गटातले बरेच जीवाणू माती, पाणी आणि ओल्या गॅस्केटमध्येही (पाइपच्या सांध्यातल्या रबरी कड्यात) सुखाने राहतात. शिवाय पाश्चरायझरमध्ये ७२ अंशांवर १५ सेकंदांत ते मरतात. म्हणजे पाऊचमधला कोलिफॉर्म बहुतेकदा पाश्चरायझरनंतर शिरलेला असतो. यात गोठ्याला दोष देणे सोयीचे, पण चुकीचे.

फॉस्फेटेज हे कच्च्या दुधातले विकर पाश्चरायझेशनने नष्ट होते. पण ‘फॉस्फेटेज निगेटिव्ह आहे, मग पाश्चरायझरची प्लेट गळत नाही’ हा युक्तिवादही अर्धाच. कच्चे दूध ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी मिसळले तर साध्या रंगचाचणीत ते दिसत नाही. म्हणून रिजनरेशनमध्ये (जिथे प्लेटच्या एका बाजूचे गरम पाश्चराइज्ड दूध दुसऱ्या बाजूचे थंड कच्चे दूध तापवते) पाश्चराइज्ड बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा जास्त ठेवतात. प्लेटला सूक्ष्म छिद्र पडलेच तर गळती उलट दिशेने जाते.

वादाचा खरा मुद्दा स्वॅब (यंत्राच्या पृष्ठभागावरून बोळ्याने पुसून घेतलेला नमुना) कधी घ्यायचा, हा आहे. अनेक ठिकाणी तो सीआयपी (यंत्र न उघडता आतून धुणे) झाल्या झाल्या घेतात आणि फाइल स्वच्छ राहते. कॉस्टिक सोड्याने नुकत्याच धुतलेल्या नळीवर काय सापडणार? तीन-चार तास लाइन चालल्यावर घ्या: फिलरचे (पाऊच भरणाऱ्या यंत्राचे) नोझल, सॅम्पल कॉक (नमुना घेण्याची तोटी), व्हॉल्व्हची सील, पाइपचा बंद टोकाचा तुकडा. शेवटच्या दोन ठिकाणी प्रवाहच पोचत नाही, त्यामुळे कॉस्टिक १ टक्का असो वा २, आत साय तशीच.

दूध टप्प्याटप्प्याने तपासायचे: पाश्चरायझरचे तोंड, सायलो (साठवणुकीची टाकी), फिलरचा हेडर (त्याला दूध पुरवणारा पाइप), मग पहिला आणि मधला पाऊच. पहिल्यातच वाढ असेल आणि मधला स्वच्छ असेल, तर संशय रात्रभर थांबलेल्या फिलरवर. सगळेच नापास असतील तर मागे सरकायचे. जुन्या नियमात ०.१ मिलीलिटरमध्ये कोलिफॉर्म नको एवढीच अट होती. माग काढायला तेवढे पुरत नाही. नमुना २१ अंशांवर १८ तास ठेवून मग जीवाणू वाढवायची काचेची तबकडी लावली, तर एकदोन पेशीही वाढून दिसतात. त्यानंतर नळी उघडून गॅस्केटला बोट लावायचे: चिकट लागला, तर तो नवा घालायचा, धुऊन परत बसवायचा नाही.