भूगोल शिक्षकांसाठी प्रशिक्षण नोंदणी, नकाशे आणि क्षेत्रभेट: ठाणे–नवी मुंबईत अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

बेलापूरनंतरचे पुढचेच स्टेशन खारघर. लोकलमध्ये ते जाणवतही नाही, पण मध्ये जिल्ह्याची हद्द ओलांडली जाते. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर हे सगळे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात. प्रशिक्षणाच्या नोंदणीत जिल्ह्याचा रकाना आला की ‘नवी मुंबई म्हणजे ठाणे’ असे धरून चालणाऱ्यांत भूगोलाचे शिक्षकही असतात. मग यादी जाते बदलापूरजवळच्या राहटोलीच्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), शिक्षक असतात पनवेलच्या डाएटच्या हद्दीतले, आणि नाव दोन्हीकडे सापडत नाही.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक पाहणे. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे: ठाणे २१, रायगड २४. क्रमांक २७२१ ने सुरू होत असेल तर ठाणे, २७२४ असेल तर रायगड. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ज्यांची तिकडून इकडे बदली झाली, त्यांनी दीक्षाच्या (शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे सरकारी पोर्टल) जुन्या प्रोफाइलमध्ये शाळा आणि तालुका बदलला आहे का, हेही पाहून घ्यावे.

कागद कोणाच्या टेबलावर जातो, हाही नेहमीचा घोळ. शाळा महापालिकेच्या हद्दीत असली तरी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचे काम जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे असते. महापालिकेच्या स्वतःच्या शाळेतील शिक्षकांचा अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागात, ग्रामीण प्राथमिक शाळेचा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. कुठेही द्या, पण मुख्याध्यापकांमार्फत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊनच बाहेर पडा.

एकच नाव, सगळीकडे

नोंदणीला बसण्यापूर्वी शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला तुमचा क्रमांक), यूडायस क्रमांक, चालू मोबाइल क्रमांक, रोज उघडला जाणारा ईमेल आणि सेवापुस्तकाचे पहिले पान समोर ठेवा. नाव सेवापुस्तकाप्रमाणे टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचे दीक्षावर माहेरचे, शालार्थवर सासरचे आणि आधारवर तिसरेच स्पेलिंग असे अनेकदा असते. प्रमाणपत्रावर नाव प्रोफाइलमधून उचलले जाते. ते सेवापुस्तकाशी जुळले नाही, तर लिपिक नोंद करायला तयार होत नाही, आणि त्यात त्याची चूक काही नसते. नाव अधिकृतरीत्या बदललेले असेल, तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत प्रत्येक प्रस्तावाला जोडावी.

दीक्षावरील अभ्यासक्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास करणे अपेक्षित आहे. त्यातला बराच भाग दीक्षावर भरून निघतो. माध्यमिक शिक्षकांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या निष्ठा २.० या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमात १३ अभ्यासक्रम होते. त्यांतले १२ सर्वांना सारखे आणि एक विषयाचा. भूगोलवाल्यांच्या वाट्याला त्यात ‘सामाजिक शास्त्र’ येते. निव्वळ भूगोल म्हणून शोधत बसलात तर हाती काही लागायचे नाही.

पायऱ्या सरळ आहेत. लॉगिन करा, भूमिका ‘शिक्षक’ निवडा, राज्य–जिल्हा–तालुका–शाळा भरा, अभ्यासक्रम उघडा आणि नोंदणीची मुदत संपण्याआधी ‘सामील व्हा’ हे बटण दाबा. हे बटण न दाबताही मजकूर दिसतो, व्हिडिओ चालतात. प्रगती मात्र शून्यच राहते. लोक तीन-चार तास पाहून मोकळे होतात आणि मग प्रमाणपत्र का येत नाही म्हणून विचारतात. निष्ठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत प्रमाणपत्रासाठी प्रगती १०० टक्के आणि अंतिम चाचणीत किमान ७० टक्के गुण लागतात. चाचणीच्या संधी तीनच. पहिली संधी ‘बघू तरी काय विचारतात’ म्हणून वाया घालवू नका.

प्रगती ९० च्या घरात अडकली, तर बहुतेक वेळा एखादी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवलेली नसते किंवा व्हिडिओ मध्येच पुढे ढकललेला असतो. मोबाइलवर ऑफलाइन पाहिले असेल, तर नेट सुरू करून अ‍ॅप उघडे ठेवावे लागते, तेव्हा कुठे नोंद वर जाते. प्रमाणपत्र लगेच दिसत नाही. काही दिवसांनी प्रोफाइलमध्ये येते. आले की उतरवून ठेवा आणि त्यावरचा क्यूआर कोड उघडतो का ते तपासा.

वरिष्ठ आणि निवड श्रेणीचे प्रशिक्षण

हे विषयाचे प्रशिक्षण नाही, पण पगाराशी जोडलेले असल्याने चुकवता येत नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी १२ वर्षांची अर्हताकारी (पात्रतेसाठी धरली जाणारी) सेवा, निवड श्रेणीसाठी २४ वर्षांची. निवड श्रेणीला पात्र पदांपैकी २० टक्क्यांची मर्यादा आहे. नोंदणी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पोर्टलवर होते आणि ती खिडकी थोडेच दिवस उघडी असते. २०२२ च्या ऑनलाइन फेरीत शुल्क २,००० रुपये होते. २०२५ मध्ये प्रशिक्षण प्रत्यक्ष वर्गात झाले. दर फेरीचे परिपत्रक नव्याने वाचावे, मागच्या फेरीच्या आठवणीवर जाऊ नये.

इथे लोक गट निवडताना चुकतात. प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे चार गट आहेत. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या शाळेत नववी-दहावीबरोबर अकरावीचेही तास घेणारे भूगोल शिक्षक गोंधळतात. तुम्ही कोणते वर्ग शिकवता यावर गट ठरत नाही. वैयक्तिक मान्यता (तुमच्या नियुक्तीला शिक्षण विभागाने दिलेली मंजुरी) आणि वेतन ज्या पदावर आहे, तोच गट. मान्यतेचा आदेश काढून पाहा आणि मगच शुल्क भरा.

प्रशिक्षण झाले म्हणजे श्रेणी आपोआप लागत नाही. वेगळा प्रस्ताव द्यावा लागतो. त्यात साधारणपणे नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हतेच्या गुणपत्रिका, प्रशिक्षण प्रमाणपत्र, सेवापुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी सुरू नसल्याचा दाखला आणि खासगी संस्थेत असाल तर संस्थेचा ठराव मागितला जातो. राखीव पदावर असाल तर जात वैधता प्रमाणपत्रही. ठरावात तुमचे पूर्ण नाव आणि श्रेणी लागू होण्याची तारीख आहे का ते वाचा. ‘संबंधित शिक्षकांना मंजुरी’ असा मोघम ठराव परत येतो.

इस्रोचे अभ्यासक्रम: खरा भूगोल इथे आहे

इस्रोची डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ पद्धतीने विनामूल्य लघु अभ्यासक्रम घेते. सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग), भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस), उपग्रह स्थाननिश्चिती हे विषय तिथे मुळापासून शिकवले जातात, आणि शालेय शिक्षकांसाठीही वेळोवेळी अभ्यासक्रम असतात. व्याख्याने इंग्रजीत असतात, त्याची तयारी ठेवावी. नोंदणी करताना ‘वैयक्तिक सहभागी’ की ‘नोडल केंद्रामार्फत’ असे विचारले जाते. जवळच्या महाविद्यालयाचे केंद्र निवडले, तर तिथल्या समन्वयकाने मंजुरी देईपर्यंत प्रवेश पक्का होत नाही. शाळेत ऐनवेळी कोणाच्या मागे लागायला वेळ नसतो. वैयक्तिक सहभागी होणे बरे. प्रमाणपत्रासाठी ७० टक्के उपस्थिती लागते आणि ती त्यांच्या प्रणालीत लॉगिन करून पाहिल्यावरच धरली जाते. यूट्यूबवर तेच व्याख्यान पाहिले तर ज्ञान मिळते, हजेरी लागत नाही.

व्याख्यान शाळेच्या वेळेत येत असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या. नमुना एवढाच पुरे:

‘मा. मुख्याध्यापक यांस, दि. … ते … या कालावधीत दुपारी … ते … या वेळेत भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. माझ्या तासिकांची पर्यायी व्यवस्था सोबत जोडली आहे. सहभागी होण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. सोबत: अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक, बदली तासिकांचे वेळापत्रक.’

परवानगीशिवाय केलेल्या अभ्यासक्रमाची सेवापुस्तकात नोंद मागायला गेले की पहिला प्रश्न ‘आदेश कुठे आहे?’ हाच येतो. सुट्टीत प्रशिक्षणाला बोलावले असेल, तर त्याबदल्यातील अर्जित रजेचा दावाही त्या आदेशावर उभा असतो. प्रशिक्षण संपताच प्रमाणपत्र, आदेशाची प्रत आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण असल्यास उपस्थिती दाखला जोडून नोंदीचा अर्ज द्या. वर्षभराचे साठवून मार्चमध्ये दिले, की कागद हमखास हरवतो.

स्थलनिर्देशक नकाशा: शाळेचा पत्रक क्रमांक कसा काढायचा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी केली, की खुल्या मालिकेची १:५०,००० प्रमाणाची पत्रके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. भारताचे आराखडा नकाशेही तिथेच मिळतात. सीमांच्या बाबतीत वर्गात तेच वापरावेत. इंटरनेटवरच्या चित्रांत काश्मीरची सीमा भलतीच असते.

जुन्या क्रमांकानुसार ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रकावर येते. त्याची व्याप्ती ७२°४५' ते ७३° पूर्व आणि १९° ते १९°१५' उत्तर. आता गंमत पाहा. ७३° पूर्व रेखावृत्त वाशी–सानपाड्याच्या मधून जाते. त्यामुळे वाशी ठाण्याच्याच पत्रकावर, पण नेरूळ, बेलापूर, खारघर, मुंब्रा आणि कल्याण ४७ ई/४ वर. नवीन पनवेल १९° च्या दक्षिणेला, म्हणून ४७ एफ/१ वर. येऊर आणि ठाणे खाडी हवी असेल तर पहिले पत्रक, मुंब्रा-पारसिकचे डोंगर हवे असतील तर दुसरे. नेरूळच्या शाळेने खाडीसकट परिसर दाखवायचा तर दोन्ही उतरवावी लागतील. खुल्या मालिकेत क्रमांकाची सुरुवात ४७ ऐवजी ई४३ ने होते, तेव्हा जुना क्रमांक शोधात टाकून पत्रक मिळाले नाही तर निर्देशांक नकाशावर ठिकाण शोधा.

छपाईत मात्र हमखास माती होते. पंधरा मिनिटांच्या पत्रकाची नुसती नकाशाची चौकट सुमारे ५३ × ५५ सेंमी भरते. झेरॉक्सवाला ‘पानात बसवा’ करून ए३ वर काढून देतो. नकाशा जवळजवळ निम्मा होतो, वर छापलेले १:५०,००० तसेच राहते. ठाणे ते वाशी स्टेशन हे सरळ अंतर सुमारे १४ किमी आहे. मुले पट्टी ठेवतात, १४ सेंमी येतात, दोनने भागतात आणि उत्तर देतात सात किलोमीटर. त्यांचे गणित बरोबर असते, कागद चुकीचा. म्हणून मोठ्या प्लॉटरवर, निदान ए१ कागदावर, ‘१०० टक्के’ ठेवून छापा. पानाचा मूळ आकार फाइलच्या गुणधर्मांत आधी पाहा. छापल्यावर तिथेच पट्टी लावा: रेषाप्रमाणावरील (नकाशाखाली छापलेली किमीची पट्टी) १ किमी बरोबर २ सेंमी आले पाहिजे. लहान प्रत निघालीच असेल तर टाकू नका. आठवीच्या नकाशाप्रमाणाच्या तासाला ती सोन्यासारखी आहे: रेषाप्रमाण नकाशाबरोबर आकुंचन पावते, संख्याप्रमाण (१:५०,०००) पावत नाही, हे हातात धरून दाखवता येते.

क्षेत्रभेट

दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, आणि आपल्याकडे ठाणे खाडी दाराशी आहे. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गट नेण्यासाठी आधी नोंदणी करावी. बोटफेरी भरती-ओहोटीवर अवलंबून असते, त्यामुळे तारीख शाळेच्या सोयीने नव्हे, भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवा. ओहोटीत चिखलाचे सपाट पट्टे दिसतात, भरतीत बोट चालते. दोन्ही एकाच तासात मिळत नाहीत.

परवानगीच्या प्रस्तावात सहलीचा हेतू, विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतीपत्रे, सोबतच्या शिक्षकांची नावे (मुली असतील तर शिक्षिका हव्यातच), मार्ग व वेळापत्रक, बसची कागदपत्रे आणि प्रथमोपचाराची व्यवस्था द्यावी. पाण्याजवळचे ठिकाण म्हटले की कार्यालयात शंका येतेच. बोटफेरी घ्यायची नसेल तर ‘पाण्यात उतरणे नाही, बोटफेरी नाही’ असे स्पष्ट लिहा.

नकाशे विकत घेताना

सरकारी आणि महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार १०,००० ते १ लाख रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असते. त्यातून नकाशे-पृथ्वीगोल घ्यायचे तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रके आणि साठा नोंदवहीत नोंद लागते. खासगी अनुदानित शाळेला हे अनुदान नाही. दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर कोलकात्याच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेचा ब्रेल नकाशासंग्रह मागवण्याचा विचार जरूर करा.

दुकानात जुना माल खूप पडलेला असतो. बिल करण्यापूर्वी नकाशा उघडून पाहा: तेलंगणा वेगळे आहे का, लडाख केंद्रशासित दाखवले आहे का, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकाच रंगात आहेत का, एकूण राज्ये २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ भरतात का. महाराष्ट्राच्या नकाशावर जिल्हे ३६ हवेत, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर ही नावे हवीत, आणि ठाण्याला समुद्रकिनारा थेट डहाणूपर्यंत लागलेला दिसला तर तो नकाशा २०१४ च्या आधीचा आहे, परत करा.