जपानी घरातल्या सुऱ्या, सुरीबाची आणि भाताचं भांडं : हे सगळं आलं कुठून

जपानी सुऱ्यांचा विषय निघाला की लोक थेट सामुराईंच्या तलवारीवर जातात. ते अर्धंच खरं आहे. १८७६ मध्ये मेइजी सरकारने (सम्राट मेइजीच्या काळातलं जपानचं सरकार) कमरेला तलवार लावून फिरायला बंदी घातली, तलवारींची मागणी बसली आणि बरेच कारागीर सुऱ्या-कात्र्यांकडे वळले हे बरोबर, पण ओसाकाजवळचं साकाई त्याच्या कितीतरी आधीपासून सुऱ्यांसाठी नावाजलेलं होतं, आणि ते चक्क तंबाखूमुळे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात पोचली, तिची पानं एकदम बारीक चिरायला जबरदस्त धार लागायची, तसल्या सुऱ्या साकाईचे लोहार करायचे आणि पुढे तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीने त्यांना खास शिक्का दिला.

घरातल्या सुरीचा आकार मात्र रोजच्या जेवणाने ठरवला, असं मला ठामपणे वाटतं. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचं मांस खायला वर्षातले काही महिने मनाई केली, बौद्ध धर्माचा प्रभाव होताच, त्यामुळे पुढची शेकडो वर्षं रोजच्या जेवणात भाज्या आणि मासेच जास्त. म्हणून भाजीसाठी सरळ धारेची, पातळ पात्याची नाकिरी, आणि माशाचं डोकं उडवायला जाड पाठीची देबा. शिवाय खायचं चॉपस्टिक्सने, म्हणजे सगळं कापणं-चिरणं आधी स्वयंपाकघरातच उरकायचं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी आली आणि हळूहळू पाश्चात्त्य वळणाची ग्युतो सुरी रुजली. आज जपानच्या बहुतेक घरांत दिसणारी सांतोकु, जी भाजी-मासे-मांस सगळ्याला चालते, ती तर विसाव्या शतकातली!

सुरीबाची खूप जुनी. आपल्या खलबत्त्याच्या कामाचंच भांडं, पण मातीचं, आतून कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा आणि त्या बिनग्लेझच्या, त्यात लाकडी दांडा गोल फिरवला की भाजलेले तीळ कुटले न जाता घासले जातात, तेल सुटतं आणि वास घरभर होतो. मध्ययुगात मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बिझेन भागातल्या भट्ट्यांमधून ही भांडी भरपूर निघायची. तेव्हाचा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, दाणेदार असायचा, तो आधी यात घोटायचा आणि मग सूप.

आणि भात. चुलीवरच्या हागामा भांड्याला मधोमध बाहेरून लोखंडी कड असते, तीच चुलीच्या तोंडावर टेकते, म्हणजे जाळ खालीच राहतो आणि वर जड लाकडी झाकण. आधी मंद, मग भडका, आणि बाळ रडलं तरी झाकण काढू नका, असं बायका एकमेकींना सांगायच्या. पहाटे उठून जाळ सांभाळायची ही कटकट १९५५ मध्ये तोशिबाच्या इलेक्ट्रिक कुकरने संपवायला घेतली. तो बनवणारे मिनामी योशितादा, पण भात शिजवून शिजवून चाचण्या केल्या त्या त्यांच्या बायकोने, फुमिकोने, आणि तिचं नाव आवर्जून घ्यायलाच हवं. युक्ती साधी होती, बाहेरच्या भांड्यातलं पाणी साधारण २० मिनिटांत आटलं की तापमान १०० अंशांच्या वर जातं आणि स्विच आपोआप बंद.

कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून लाकडासारखा टणक केलेला मासा, तो किसायची रंधा लावलेली पेटी पूर्वी बऱ्याच घरांत असायची. १९६९ मध्ये निनबेन कंपनीने तयार किसाची हवाबंद छोटी पाकिटं आणली आणि ती पेटी बहुतेक घरांतून गेली. सोय झाली हे मान्य, पण ताज्या किसाचा वास पाकिटात येत नाही, म्हणून काही जण ती पेटी आजही हौसेने विकत घेतात.