पृथ्वी फिरते, मग घार घरट्यात परतते कशी?

गती, गुरुत्वाकर्षण आणि काळ यांविषयी सामान्य वाचकाला पडणाऱ्या शंकांमध्ये एक शंका हमखास असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर भरतो, तर तो आपल्याला जाणवत का नाही? मुंबईवर एखादे हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत ठेवले, तर खालची जमीन पूर्वेकडे सरकून तासाभरात त्याच्याखाली ओमानचा किनारा यायला नको का? शंका विचारणारा बहुधा संकोचून विचारतो. वास्तविक संकोचण्याचे कारण नाही, कारण जवळजवळ याच शब्दांत ही शंका दीड हजार वर्षांपूर्वी भारतातल्या अव्वल ज्योतिर्विदांनी मांडली होती, आणि तिचा निकाल लागायला सतरावे शतक उजाडावे लागले.

आर्यभटाने ‘आर्यभटीय’ या ग्रंथात पृथ्वी फिरते असे म्हटले. ग्रंथात दिलेला काळ इ. स. ४९९ हा आहे आणि तेव्हा त्याचे वय २३ होते. ग्रंथाच्या ‘गोलपाद’ या भागात त्याने दिलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे : नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच अचल तारे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावरील गृहीत स्थानी, सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. ही केवळ कविकल्पना नव्हती. ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० आवर्तने होतात असा आकडाही त्याने दिला, आणि त्याच ग्रंथातील दिवसांच्या संख्येशी तो ताडून पाहिला तर एका आवर्तनाला २३ तास, ५६ मिनिटे आणि सुमारे ४ सेकंद लागतात असे निघते. आजचे मूल्यही सेकंदापर्यंत हेच आहे.

तरीही त्याचे म्हणणे टिकले नाही. लगेचच्या श्लोकात प्रवह नावाचा वायू तारकामंडळ फिरवतो असे वर्णन आहे, आणि पुढच्या भाष्यकारांनी त्याचा आधार घेऊन स्थिर पृथ्वीचीच बाजू सावरली. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पञ्चसिद्धान्तिका’ या ग्रंथात विचारले की पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेले ससाणे व इतर पक्षी आपापल्या घरट्यांकडे परततात कसे, आणि ध्वज सदैव पश्चिमेकडेच का फडफडत नाहीत? इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने भर घातली की असे असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? पुढे लल्ल या ज्योतिर्विदाने वर सोडलेल्या बाणाचा दाखला दिला : तो पश्चिमेला जाऊन पडायला हवा.

या आक्षेपांना हसण्यात अर्थ नाही. आर्यभटाच्या नावेने डोळ्यांना पडलेला प्रश्न सोडवला होता, घारीचा प्रश्न नव्हे. काठ मागे जाताना का दिसतो, हे नावेवरून कळते. पण नावेतून वर फेकलेले फळ नावेतच का पडते, हे त्या श्लोकात नाही. गती कशी दिसते आणि गती कशी जाणवते, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात पृथ्वीच्या ठायी आकृष्टिशक्ती असून ती आकाशातील जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, असे स्पष्ट लिहिले. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चंगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला, याचा शिलालेख उपलब्ध आहे. मात्र या श्लोकावरून ‘न्यूटनच्या आधी न्यूटनचा नियम’ असे जे वारंवार सांगितले जाते, ते ताणलेले आहे. ओढ आहे हे सांगणे एक, आणि अंतर दुप्पट झाले की ती चौथाई होते हे सांगणे दुसरे. शिवाय भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिरच होती.

युरोपात १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ आल्यावर वाद पुन्हा पेटला आणि गंमत म्हणजे आक्षेपही तेच निघाले : पक्षी, ढग, आणि बुरुजावरून सोडलेला दगड. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ‘संवादा’त त्यांना जे उत्तर दिले, ते सावकाश वाचण्याजोगे आहे. तो म्हणतो, मोठ्या जहाजाच्या पोटातील बंद खोलीत मित्रासह बसा. बरोबर काही माश्या आणि फुलपाखरे घ्या, पाण्याच्या भांड्यात मासे सोडा, आणि वर एक बाटली अशी टांगा की तिच्यातले पाणी थेंब थेंब खालच्या भांड्यात पडेल. जहाज उभे असताना सगळे नीट पाहून ठेवा. मग जहाज हव्या त्या वेगाने जाऊ द्या, फक्त ते हेलकावे न खाता एकसारखे चालले पाहिजे. थेंब त्याच भांड्यात पडतील, मासे सर्व बाजूंना सारख्याच सहजतेने पोहतील, फुलपाखरे मागच्या भिंतीवर जाऊन आदळणार नाहीत. खोलीत बसून केलेल्या कोणत्याही प्रयोगाने जहाज चालले आहे की उभे आहे, हे ठरवता येणार नाही.

वराहमिहिराच्या ससाण्याला उत्तर मिळाले ते इथे. पक्षी झाडावरून उडतो तेव्हा पृथ्वीचा वेग त्याच्या अंगी असतोच, आणि भोवतालची हवाही त्याच वेगाने चाललेली असते, हेलिकॉप्टरचेही तेच. एसटीत हातातला चहा गाडी एका वेगाने धावताना हिंदकळत नाही, ब्रेक लागला की सांडतो. जाणवतो तो वेगातला बदल.

पृथ्वीचे फिरणे मात्र सरळ रेषेतले नाही, त्यामुळे बदल अगदीच नाही असे म्हणता येत नाही. तो फार थोडा आहे, इतकेच. विषुववृत्तावर ६० किलोच्या माणसाचे वजन या फिरण्यामुळे जेमतेम २०० ग्रॅमने कमी भरते. न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे नियम मांडून हा हिशेब शक्य केला, पण लोकांच्या डोळ्यांसमोर पुरावा ठेवला तो फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५१ मध्ये, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून. गोळ्याच्या झोक्याची दिशा तासागणिक वळत गेली, कारण खालची जमीन फिरत होती. पुण्याच्या अक्षांशावर अशा लंबकाला पूर्ण फेरा घ्यायला सुमारे ७५ तास लागतात. पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रांगणातील कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत; या कथेतले चौघेही तिथे समोरासमोर आहेत.

चौथ्याचा प्रवेश प्रकाशामुळे झाला. जहाजाच्या खोलीत प्रकाशाचा प्रयोग केला तर तरी गती कळेल, अशी एकोणिसाव्या शतकाची अपेक्षा होती. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे पृथ्वीची अशी गती मोजू पाहिली, तेव्हा अपेक्षित फरक दिसलाच नाही. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने १९०५ मध्ये गॅलिलिओचे म्हणणे प्रकाशालाही लागू आहे असे गृहीत धरले, आणि प्रकाशाचा वेग प्रत्येकाला सारखाच भरतो हे मान्य केले. त्याची किंमत काळाला मोजावी लागली : सर्वांसाठी एकच घड्याळ चालते, ही समजूत सोडावी लागली. (हे मूळ जर्मन निबंध मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये प्रसिद्ध केले.)

१९०७ मध्ये त्याच्या मनात आलेला विचार मात्र घारीच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचे वजन जाणवत नाही. म्हणजे जी ओढ आपण जन्मभर अनुभवतो असे समजतो, ती मुळात अनुभवतच नाही. जाणवतो तो पायाखालच्या जमिनीचा रेटा. या विचारातून १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पुरा झाला, १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून वाकलेला आढळला, आणि गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाशाच्या कंपनसंख्येत पडणारा फरक पाउंड आणि रेब्का यांनी १९६० मध्ये हार्वर्डच्या अवघ्या २२.५ मीटर उंचीत मोजून दाखवला. उंचावरचे घड्याळ पुढे धावते, ते याच कारणाने. जीपीएस उपग्रहांची घड्याळे उंचीमुळे रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर जातो, म्हणून ही दुरुस्ती केल्यावाचून रस्ता दाखवणारा नकाशा निरुपयोगी ठरेल.

रस्ता दाखवणाऱ्या त्याच मोबाइलमध्ये त्वरण, म्हणजे वेगातला बदल, मोजणारा एक चिमुकला संवेदकही असतो. मोबाइल टेबलावर स्वस्थ ठेवला असता तो शून्य दाखवत नाही, वरच्या दिशेने ९.८ (दर सेकंदाला सेकंदी ९.८ मीटर) दाखवतो. उशीवर पडेल अशा बेताने मोबाइल हातातून सोडला, तर वाटेतल्या त्या क्षणभरात आकडा शून्याजवळ येतो.